खेळण्याची पारख



मंडळाच्या वाढदिवशी मीही चार शब्द बोलावेत असा सर्वांचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्या. पण भांडे वाजवून घ्यावे, कापड उजेडात धरून पाहावे, हे आपल्याला कोणत्याही शाळेने शिकवले नाही. ते आपण घरात शिकलो. तीच पारख आज मी एका खेळण्याला लावून दाखवणार आहे.

आपले पडेगाव छावणीच्या शेजारचे. लष्करी गाडी दिसली की आपली मुले हातातला घास टाकून अंगणात धावतात. माझ्या धाकट्याचेही तसेच. तो सात वर्षांचा झाला तेव्हा त्याच्यासाठी शहरातून एक यंत्रमानव आणला. हिरव्या रंगाचा, वीतभरही नाही. हातपाय दुमडले की त्याची तोफ बसवलेली लष्करी जीप होते. किंमत दोनशे वीस रुपये.

आधी गुण सांगते. हे खेळणे मुलाला डोके लावायला लावते. आधी हात आत घ्यायचे, मग पाठ फिरवायची, मग पाय दुमडायचे. एक पायरी चुकली की जीप मिटत नाही. रडत रडत का होईना, तिसऱ्या दिवशी त्याला ते न पाहता जमू लागले. बसल्या जागी अर्धा तास मन लावणे, हे एरवी त्याला मोबाईलशिवाय जमत नव्हते.

आता दोष. अशा खेळण्याचा सारा जीव सांध्यांत असतो. चांगल्याच्या बिजागरीत धातूची काडी असते. हलक्याच्या सांध्यात नुसते प्लॅस्टिकचे बोंड खोबणीत दाबलेले असते. सांध्याजवळ पांढरी रेघ उमटली की समजावे, प्लॅस्टिक थकले, आता तुटणार. आमच्या जीपला आठव्या दिवशी रेघ दिसली. मी ती पाहिली आणि दुर्लक्ष केले. त्याची शिक्षा मला लवकरच मिळाली.

भगिनींनो, हे पाहा, मुद्दाम बरोबर आणले आहे. हे त्या जीपचे चाक. रुपयाच्या नाण्याहून लहान. माझे धाकटे दीर सैन्यात गाडी चालवतात, त्यामुळे जाऊबाई आणि त्यांची तान्ही मुलगी आमच्याकडेच असतात. मुलगी तेव्हा दहा महिन्यांची, रांगती. मी भाकरी थापत होते. एकाएकी तिचा आवाज बंद झाला. रडणे नाही, खोकणे नाही, तोंड निळे. जाऊबाईंनी तिला उचलले आणि त्यांना काही सुचेना. अंगणवाडीत सांगितलेले मला त्या घडीला आठवले. मुलीला हातावर पालथे घेतले, डोके खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने थापा मारल्या. चौथ्या थापेला हे चाक जमिनीवर पडले. मग ती रडली. त्या रडण्याइतके गोड मी आजवर काही ऐकले नाही.

वर्षाच्या आतल्या मुलाला अशा पाच थापा द्याव्यात. वस्तू दिसत नसता घशात बोट घालू नये, ती आणखी आत जाते. आणि कोणाला तरी लगेच दवाखान्याची गाडी बोलवायला पाठवावे.

मग मी चौकशीला लागले. थोरल्या मुलीने वाचून दाखवले. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह असणे सक्तीचे आहे. आमच्या खोक्यावर ते कुठेच नव्हते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचा सुटा भाग सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीच्या ठरावीक नळीत मावता कामा नये, असा नियम आहे. ज्या खेळण्यावर काट मारलेल्या वर्तुळात '०-३' लिहिलेले असते, ते या वयाच्या मुलासाठी नाही. पण आपल्या घरांत सात वर्षांचा आणि दहा महिन्यांची एकाच सतरंजीवर खेळतात. थोरल्याचे खेळणे ते धाकटीचेही, हे धरूनच आपण विकत घेतले पाहिजे.

पुढे भाऊजी सुट्टीवर आले. धाकट्याने त्यांना तीन चाकांची जीप दाखवली आणि विचारले, "काका, यात तुम्ही कुठे बसणार?" भाऊजींनी जीप उलटसुलट करून पाहिली. बसायला जागाच नाही! जिथे आसन हवे तिथे यंत्रमानवाची छाती दुमडलेली. ते हसले, पण जाऊबाई काही हसल्या नाहीत.

याचीही एक हकीकत आहे. १९८४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने जपानच्या ताकारा कंपनीची अशी खेळणी 'ट्रान्सफॉर्मर्स' नावाने विकायला आणली. त्यांत हाउंड नावाची लष्करी जीपही होती. त्याआधी जपानात 'डायक्लोन' नावाने ही गाड्यांची खेळणी मिळत, तेव्हा गाडीबरोबर इंचभर उंचीचा चालक येई, पायाला लोहचुंबक असलेला. नव्या नावात गाडीच जिवंत झाली आणि चालक गेला.

खऱ्या जीपमध्ये माणूस असतो. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले, आणि १० सप्टेंबरला तिथेच त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले ते त्या माणसाला, जीपला नव्हे. अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. मंडळाची सहल काढून मुलांना तिथे न्यावे, अशी माझी सूचना आहे. आपल्या शेजारच्या दौलताबादची मेंढा तोफ त्यांनी पाहिली आहेच. खरे लोखंड पाहिले की ते चालवणाऱ्या माणसाचा विचार मुलांच्या मनात आपोआप येतो.

लढाईची खेळणी घेऊच नका, असे मी म्हणणार नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मावळे मांडतोच. माझे म्हणणे एवढेच, की घेताना चार गोष्टी पाहा: चिन्ह आहे का, सांधा पक्का आहे का, निघालेला भाग धाकट्याच्या घशात जाईल का, आणि खेळताना मुलाला त्यात माणूस दिसतो का.

आमची जीप आता तीनच चाकांची आहे, पण ती उंच फळीवर असते आणि तान्ही निजली की मगच खाली येते. धाकट्याने कणकेचा एक चालक करून तिच्या टपावर बसवला आहे. जीपचा यंत्रमानव करायच्या आधी तो त्याला अलगद उचलून बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "थांबा, आधी काकांना उतरू दे."