हवेचा कांटा

कल्याणहून बदलापुराकडे जाणारा रस्ता उल्हासनगर व अंबरनाथ यांच्या भरवस्तींतून जातो. शाळेंत निघालेलीं मुलें, स्थानकाकडे धांवणारीं माणसें आणि कारखान्यांचा माल वाहणारे अवजड ट्रक यांना तो एकच रस्ता आहे. तेव्हां ट्रकचा ब्रेक हा केवळ चालकाचा नव्हे, तुमच्याआमच्या घरचाहि प्रश्न होय.

लहान मोटारींत पायाचा दाब तेलावाटे चाकापर्यंत पोंचतो. अवजड वाहनांत तें काम दाबलेली हवा करते. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर ती टाक्यांत भरतो. चालकाचा पाय फक्त झडप उघडतो. जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८६९ सालीं आगगाडीसाठीं हवेचा ब्रेक काढला व १८७२ सालीं त्यांत सुधारणा केली, ती अशी कीं, नळी तुटल्यास गाडी आपोआप थांबावी. आजच्या ट्रकांतहि मागील चाकांच्या ब्रेकची बळकट स्प्रिंग हवेनेंच रोखून धरलेली असते. हवा बरीच सरली कीं ती ब्रेक लावते.

मग भय कशाचें? भय असें कीं, ही स्प्रिंग जागा पाहून लागत नाहीं. भर रहदारींत वा वळणावरहि चाकें जखडतील. म्हणून त्याआधींच कांटा पाहावयाचा. तो साधारणतः ७ ते ८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाखवितो; ४ च्या सुमारास उतरला कीं दिवा लागतो, भोंगा वाजतो. तो बंद करून पुढें जाणें हें घातक होय. गाडी तत्काळ कडेला घ्यावी.

निघण्यापूर्वीं कांटा पुरा चढूं द्यावा. मग चाकांना अडणी लावून, इंजिन बंद करून, ब्रेक मिनिटभर दाबून धरावा. कांटा उतरतच राहिला तर गळती आहे. आपल्या पावसाळी हवेंतील वाफेचें टाकींत पाणी होतें. तेंहि नियमानें काढावें.

येथील कित्येक ट्रक कर्जत-खोपोलीमार्गें बोरघाटांत जातात. उतारावर डिझेल वांचविण्यासाठीं इंजिन बंद केलें कीं कॉम्प्रेसरहि थांबतो आणि प्रत्येक दाबासरशीं सांठा घटतो. शिवाय कांटा पुरा असला तरी तापलेला ब्रेक निकामी होऊं शकतो. म्हणून उतार खालच्या गिअरमध्येंच उतरावा.

या तपासणीस दहा-पंधरा मिनिटें लागतात. उशिराबद्दल चालकास बोल लावणारा मालक, माल लवकर मागणारा व्यापारी आणि शाळेच्या बसची वाट पाहणारे आपण, सर्वांनीं तेवढीं मिनिटें त्यास आनंदानें द्यावीं, एवढीच विनंती.