व्यसनमुक्ती : शरणागती आणि संगत



मद्याच्या आहारी गेलेल्या माणसाचा विषय आपल्या कुळांत कुजबुजीपलीकडे सहसा जात नाही. पालखीला तो दिसला नाही की घरची मंडळी प्रकृतीचे निमित्त पुढे करतात आणि इतरेजन ते मान्य केल्यासारखे दाखवितात. या लपवालपवीने आश्रय मिळतो तो रोगाला; रोगी मात्र एकाकी पडतो.

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी बिल विल्सन नावाचा गृहस्थ व्यवसायात अपयश घेऊन उभा होता. दारू सोडून त्याला जेमतेम काही महिने झाले होते आणि उपाहारगृहातील मद्यालय समोरच होते. त्याने चर्चच्या धर्मोपदेशकांना दूरध्वनी करून दुसरा एखादा मद्यासक्त शोधला. तो म्हणजे शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना जन्मास आली. तिच्या बारा पायऱ्यांची सुरुवात हतबलतेच्या कबुलीने होते. पुढे ज्याच्या त्याच्या कल्पनेतील परमेश्वराला शरण जाणे, दुखावलेल्यांची भरपाई करणे आणि अखेरीस दुसऱ्या व्यसनग्रस्ताला हात देणे. शरणागती व सत्संग आपल्या भक्तिमार्गाला नवीन नाहीत.

तथापि केवळ नामस्मरणाने भागत नाही. वर्षानुवर्षे अतोनात पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके, भ्रम, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. तेथे वैद्यकीय देखरेख आधी हवी. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी स्थापिलेल्या मुक्तांगणात उपचारांना समूहाची आणि कुटुंबीयांच्या सहभागाची जोड आहे. आपल्या गोव्यातही प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ३७७ पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. प्रशिक्षित सामान्य माणसांनी केलेल्या मोजक्या समुपदेशनानेही तीन महिन्यांनंतर मद्यपान आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण अधिक आढळले.

मग देवस्थानाने काय करावे? आठवड्यातून एक सायंकाळ अग्रशाळेतील एखादी खोली अशा गटाच्या सभेस द्यावी. खोली मुख्य दारापासून दूर असावी, कारण तेथे नाव गुप्त राखणे हा नियम आहे. हे गट बाहेरची देणगी घेत नाहीत. म्हणून समितीने औदार्य न दाखविता अल्प भाडे स्वीकारावे. आणि सभेहून परतणाऱ्याला जत्रेच्या कामात पूर्वीचाच वाटा द्यावा. चौकशी करू नये.

इतके सांगून हे विवेचन संपविणे उचित.