स्वागताध्यक्षीय भाषण : वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांची संगीतसभा

नागपूरच्या नंदनवन परिसरातील नागरिकांच्या पुढाकाराने भरलेल्या या परिषदेत आणि तिला जोडून होणाऱ्या संगीतसभेत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाने हद्दपार केलेल्या आणि त्यातून वाचून भारतात पोचलेल्या पोलिश नागरिकांचा व त्यांच्या वंशजांचा सन्मान होत आहे. स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचा महिमा गावा असा प्रघात असला, तरी ज्या घटनेसाठी ही सभा भरली आहे ती नागपुरात नव्हे, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे घडली, म्हणून त्या प्रघाताला येथे मुरड घालणे उचित ठरेल. शिवाय वळिवड्याची हकीकत अलीकडे पुष्कळदा सांगितली जाते खरी, परंतु ती बहुधा यजमानांच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते, आणि त्या कौतुकाच्या भरात पाहुणे कोठून, कशामुळे आणि काय गमावून आले हा भाग घाईघाईने उरकला जातो.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केल्यानंतर त्या देशाची वाटणी झाली, आणि पूर्व भागातील ज्या लोकांपासून नव्या सत्तेला धोका वाटत होता त्यांना कुटुंबकबिल्यासह उचलून उत्तर रशिया, सायबेरिया आणि कझाकस्तान येथे नेऊन टाकण्यात आले. १० फेब्रुवारी १९४० च्या पहिल्या लाटेत प्रामुख्याने ‘ओसाद्निक’, म्हणजे १९२० च्या युद्धानंतर सीमाभागात जमिनी मिळालेले माजी सैनिक, आणि वनखात्यातील कर्मचारी होते. एप्रिलच्या दुसऱ्या लाटेत अटकेत असलेल्यांची कुटुंबे होती, आणि त्यांतील अनेकांचे कर्ते पुरुष त्याच सुमारास कातिनच्या हत्याकांडात, ज्यात सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी व कैदी गोळ्या घालून मारले गेले, संपवले जात होते. मध्यरात्री दारावर थाप पडे, सामान बांधायला जेमतेम वेळ मिळे आणि पुढचे कित्येक आठवडे मालगाडीच्या बंद डब्यात काढावे लागत, ज्यात झोपायला फळ्यांचे माच, मध्ये एक लोखंडी शेगडी आणि देहधर्मासाठी तळाला पाडलेले भोक, एवढीच सोय असे. ज्यांनी असा वनवास भोगला त्यांना पोलिश समाजात ‘सिबिराक’ म्हणतात, मग त्यांचा मुक्काम प्रत्यक्ष सायबेरियात पडलेला असो वा नसो.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केल्यावर चित्र पालटले. लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात जुलैअखेर करार झाला आणि हद्दपारांना ‘माफी’ जाहीर झाली. ज्यांच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झाला नव्हता त्यांना मिळालेली ही माफी होती. जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहत असलेल्या पोलिश सैन्याच्या मागोमाग बायकामुले दक्षिणेकडे सरकली, वाटेत टायफस, हिवताप आणि उपासमारीने मरणाऱ्यांची गणती उरली नाही, आणि १९४२ मध्ये दोन टप्प्यांत एक लाखाहून अधिक सैनिक व नागरिक प्रामुख्याने कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले.

भारताशी धागा जुळला तो मात्र त्याआधीच. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांच्या खटपटीने मदतीचे सामान घेऊन मालमोटारींचा ताफा अश्गाबातपर्यंत गेला आणि परतताना अनाथ मुलांना घेऊन आला. मुलांच्या या सुटकेसाठी झटलेली एक बाई होती हान्का ओर्दोनूव्हना, युद्धापूर्वीच्या वॉर्सातील रंगभूमीची लाडकी गायिका, जी स्वतः हद्दपारी भोगून क्षयाने पोखरली गेली होती. या मुलांवरचे तिचे पुस्तक पुढे टोपणनावाने बैरूतमध्ये प्रसिद्ध झाले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उघडली, आणि १९४३ मध्ये वळिवड्याची मोठी वसाहत सुरू झाली, जेथे सुमारे ५ हजार माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, १९४८ पर्यंत राहिली.

या वसाहतीचा खर्च प्रामुख्याने लंडनमधील पोलिश सरकारने उचलला होता, याचा यजमानपणाच्या वर्णनात सहसा विसर पडतो. ज्या १९४३ मध्ये ही छावणी उभी राहिली त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली, हेही त्याच ब्रिटिश साम्राज्याच्या दप्तरातले दुसरे पान आहे. कोल्हापूरकरांचे श्रेय याने घटत नाही, उलट नेमके होते. सरकारी हुकमाने बराकी बांधता येतात, पण भाजीवालीने परक्या भाषेतल्या बाईशी बोटांवर हिशेब करीत रोजचा व्यवहार जमवणे हे हुकमाने होत नाही, आणि पाच वर्षांच्या अशा शेजारातूनच ती माणसे आयुष्यभर कोल्हापूरचे नाव काढीत राहिली.

छावणीत चर्च, शाळा, दवाखाना, नाट्यगृह आणि बालवीरांची पथके होती. या पथकांच्या कामासाठी आलेले झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की हे कातिनच्या कत्तलीतून वाचलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांपैकी एक होते. नाताळात ‘कोलेंदा’, म्हणजे ख्रिस्तजन्माची पारंपरिक गीते, आणि सणासमारंभांत लोकनृत्ये होत. मुलांपैकी अनेकांना देश आठवतच नव्हता. त्यांच्यापुरता पोलंड म्हणजे आईने म्हटलेले गाणे आणि त्या गाण्याचा ठेका.

हा ठेका येथील रसिकांना अगदी परका वाटणार नाही. ‘माझुर्का’ हा मूळचा माझोव्शे प्रांतातील नाच तीन मात्रांच्या आवर्तनाचा असून शोपँने त्याला पियानोवर आणून जगभर नेले. तीन-तीन मात्रांची चाल म्हटल्यावर दादऱ्याची आठवण होणे साहजिक आहे, परंतु दादऱ्यात वजन समेवर येते, तर माझुर्कात ते पहिल्या मात्रेला बगल देऊन दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर आदळते, त्यामुळे टाळी धरू पाहणारा हात हमखास चुकतो. ‘क्राकोव्याक’ त्या मानाने सरळ, दोन मात्रांचा आणि उड्या घेणारा. आजच्या कार्यक्रमातील सर्वांत जड रचना मात्र नाचाची नाही. मे १९४४ मध्ये इटलीतील मॉन्ते कासिनो येथील मठाचा डोंगर आंदेर्स यांच्या सैन्याने मोठी किंमत देऊन जिंकला, आणि त्याच सुमारास फेलिक्स कोनार्स्की यांनी शब्द व आल्फ्रेड श्यूत्स यांनी चाल बांधून तेथील तांबड्या पॉपीफुलांचे गीत रचले. वळिवड्यातील अनेक घरांचे पुरुष त्या सैन्यात होते. वॉर्सात वळिवडे छावणीचा स्मृतिफलक २०१७ मध्ये मॉन्ते कासिनो स्मारकाच्या जवळच बसवण्यात आला, हे स्थळ म्हणूनच यथायोग्य आहे.

युद्ध संपले तेव्हा या लोकांची गावे सोव्हिएत संघात गेली होती, आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. थोडे पोलंडला गेले, बाकीचे पूर्व आफ्रिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. पोलंडमधील कम्युनिस्ट राजवटीत १९८९ पर्यंत या हद्दपारीविषयी मोकळेपणाने बोलण्याची सोय नव्हती. भारतातही, सोव्हिएत मैत्रीच्या काळात, ही हकीकत काढण्याची कोणाला फारशी निकड भासली नाही, असे म्हणणे भाग आहे. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि आज गांधीनगर म्हणून कापडाच्या घाऊक बाजारासाठी व्यापाऱ्यांना ठाऊक असलेली वसाहत ती हीच. सिंधी निर्वासितांच्याच जरीपटका वस्तीचा इतिहास जाणणाऱ्या नागपूरकरांना याहून अधिक खुलासा लागू नये.

विदर्भाचा पोलंडशी असलेला संबंध वेगळ्या वाटेने येतो. वॉर्सात जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन, ऊर्फ भारतानंद, हे गांधीजींच्या सेवाग्रामच्या वर्तुळातले. धनुष तकली हे सूतकताईचे साधे साधन त्यांच्या कल्पकतेचे फळ, आणि औंध संस्थानातील ग्रामस्वराज्याच्या प्रयोगातही त्यांचा हात होता. त्यांनी आणि वांदा दिनोव्स्का, ऊर्फ उमादेवी, यांनी १९४४ मध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली, आणि उमादेवींनी निर्वासितांमध्येही काम केले. परिषदेच्या चर्चासत्रांत या दोघांवर स्वतंत्र विचार व्हावा, अशी समितीची अपेक्षा आहे.

गीतांचा मराठी भावार्थ पत्रिकेत छापला आहे. मॉन्ते कासिनोच्या गीताच्या वेळी पोलिश पाहुणे उभे राहतील; सभागृहानेही त्यांच्याबरोबर उभे राहावे अशी विनंती करून स्वागत समिती परिषदेची सूत्रे अध्यक्षांच्या हाती देत आहे.