पेन खाली

(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झालीस, त्यावर दहा मिनिटं बोल.’ बोलते. पण आधी एक कबुली. मागच्या वर्षी मी आपल्या ग्रुपवर लिहिलं होतं, ‘परीक्षा छान झाली.’ तुम्ही फुलांचा आणि टाळ्यांचा पाऊस पाडलात. निकाल मात्र मी कधी कळवला नाही. कुणी विचारलाही नाही, हा तुमचा समजूतदारपणा. मी नापास झाले होते.

ही परीक्षा काय असते ते थोडक्यात सांगते. तिचं नाव सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन, म्हणजे एसक्यूई. इंग्लंड आणि वेल्समध्ये ती २०२१ साली सुरू झाली. पहिल्या भागात ३६० प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. आपण घोकंपट्टीत तयार झालेली माणसं, तो भाग मी पहिल्या झटक्यात पास झाले. दुसरा भाग मात्र प्रत्यक्ष कामाचा. त्यात १६ कामं करून दाखवायची. बारा लेखी: अशिलाला पत्र लिहा, करारातलं कलम तयार करा, दिलेल्या कागदांतून कायदा शोधा, प्रकरणाचं विश्लेषण करा. चार तोंडी: दोनदा न्यायाधीशांपुढे युक्तिवाद आणि दोनदा अशिलाची मुलाखत. सहा वर्षांत तीनच संधी मिळतात.

ही मुलाखत ऐकण्यासारखी आहे. दहा मिनिटं आधी हातात एक कागद देतात. मग खोलीत एक माणूस येतो. तो असतो प्रशिक्षित अभिनेता, पण आपल्यासाठी तो अशील. पंचवीस मिनिटं त्याच्याशी बोलायचं. गंमत म्हणजे त्या पंचवीस मिनिटांचे गुण तोच देतो, आणि ते कायद्याच्या ज्ञानाचे नसतात. आपण त्याचं नीट ऐकलं का, त्याला समजेल असं बोललो का, त्याला आपला विश्वास वाटला का, एवढंच तो बघतो. कायदा तपासतात तो नंतरच्या टिपणात. पुढच्या पंचवीस मिनिटांत अशील काय म्हणाला आणि पुढे काय करायचं, ते हाताने लिहून काढायचं.

मी मनात म्हटलं, यात काय अवघड? पुण्यात शिवाजीनगर कोर्टात बारा वर्षं वकिली केली होती. अशील मला नवे होते का? अभ्यास केला तो सगळा कायद्याचा. घराच्या खरेदीचे टप्पे, जामिनाचे नियम, वारसाहक्काची कोष्टकं. पहाटे चारला उठून, डबे भरायच्या आधी. आणि मुलाखतीतच सगळ्यात कमी गुण पडले.

तेव्हा मी आपल्या वर्गातल्या एकाला फोन केला. नाव घेत नाही, तो आत्ता मागे जेवणाची व्यवस्था बघतोय आणि त्याला हे आवडणार नाही. मी म्हटलं, ‘दर रविवारी अर्धा तास माझा अशील होशील का?’ तो म्हणाला, ‘फी कोण कुणाला देणार?’ पण तयार झाला. त्याने दुकान बंद केलं, की व्हिडिओ कॉल. मी मराठीतून प्रकरण लिहून पाठवायची, तो त्यातला माणूस व्हायचा.

तिसऱ्या रविवारचं प्रकरण होतं: वडील मृत्युपत्र न करता वारले. मी सुरू झाले. तिकडचा कायदा तोंडपाठ होता. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील, तर पत्नीला घरातल्या वस्तू, पहिले ३ लाख २२ हजार पौंड आणि उरलेल्यातला अर्धा भाग. बाकीचा अर्धा मुलांना. आपल्याकडे हिंदू उत्तराधिकार कायद्यात पत्नी, मुलं आणि गेलेल्याची आई यांना सारखा वाटा, तसं तिकडे नाही. हे सगळं मी त्याला ऐकवत होते. त्याने हातातला कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, ‘तू मला बोलू देतेस कुठे? मी कशासाठी आलोय, ते अजून सांगितलेलंच नाही.’

मग थोडा वेळ गप्प बसून तो कागदाबाहेरचं बोलला. त्याचे वडील गेले तेव्हा तो आईला घेऊन एका वकिलांकडे गेला होता. त्यांनी कागदांची यादी दिली, खर्च सांगितला, दहा मिनिटांत दोघं बाहेर. जिना उतरताना आई म्हणाली, ‘मला या घरातून निघावं लागेल का, ते विचारायचं राहिलंच.’

त्या वकिलांचं काही चुकलं असं मला म्हणता येईना, कारण बारा वर्षं मीही तशीच बसले होते. कितीजणी माझ्या जिन्यावरून असा प्रश्न परत घेऊन गेल्या असतील, हे त्या रात्री मोजता येईना.

मग आठवल्या आपल्या मराठीच्या बाई. त्यांचं श्रुतलेखन आठवतंय? बाई पूर्ण वाक्य वाचायच्या आणि तोवर सगळ्यांचे पेन बाकावर. कुणी मध्येच लिहायला लागलं, की ‘पेन खाली!’ मला हे फार जाचक वाटायचं, कारण मला पहिल्या तीन शब्दांतच वाक्य कळलंय असं वाटायचं. म्हणूनच माझ्या वहीत सगळ्यात जास्त लाल रेघा असायच्या.

त्या रविवारपासून नियम केला. पहिली पाच मिनिटं पेन खाली. एकच प्रश्न विचारायचा, ‘आज येताना मनात सगळ्यात मोठी काळजी कोणती होती?’ आणि उत्तर संपेपर्यंत थांबायचं. उत्तर संपल्यावरही जरा थांबायचं, कारण खरी गोष्ट बऱ्याचदा त्यानंतर येते. मग तिच्याच शब्दांत ती परत सांगून विचारायचं, ‘मला बरोबर कळलं का?’ कायदा त्याच्या नंतर. जे नक्की माहीत नाही, ते ‘बघून कळवते’ म्हणायचं. असे एकोणीस रविवार झाले.

परीक्षेत काय विचारलं, ते सांगायची परवानगी नसते. एवढंच सांगते, की त्या खोलीत मी पेन खाली ठेवला. यंदा पास झाले.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून सांगते, ते श्रुतलेखन मला पंचवीस वर्षांनी जमलं.

आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. आपल्या बऱ्याच जणांचे आईवडील आता सत्तरीच्या पुढे आहेत. मृत्युपत्राचा विषय काढा, पण कागद पुढे करून नका काढू. आधी विचारा, त्यांना काळजी कशाची वाटते. आणि मग गप्प बसा.

जेवणाच्या मंडपात जो वाढत असेल, त्याच्याकडून एक जिलबी जास्त मागून घ्या. माझी फी अजून थकलेली आहे.