फोटोची पाठ कोरी ठेवू नका

थंडी पडली की आपल्याकडच्या शाळांच्या सहली निघतात. एस.टी. ठरते, पोरे घरून डबे बांधून आणतात, रात्रभर कोणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मग एखाद्या किल्ल्याच्या दारासमोर सगळ्यांना ओळीने उभे केले जाते, गुरुजी डोकी मोजतात आणि कोणीतरी फोटो काढतो. तो फोटो पुढे शाळेच्या भिंतीवर लागतो. दहा वर्षांनी त्यात काय दिसते? पोरांच्या टोप्या दिसतात, गुरुजींचा चष्मा दिसतो, आणि मागे काळ्या दगडाचा एक तुकडा दिसतो. तो कोणता किल्ला, कोणते दार, कोणते साल? फोटो उलटून पाहावा, तर पाठ कोरी!

आज मी तुमच्याशी याच कोऱ्या पाठीविषयी बोलणार आहे. जुन्या वास्तूचा फोटो काढणे हा मोठा चांगला छंद आहे. पण त्या फोटोबरोबर चार ओळींची नोंद नसेल, तर तो मुका राहतो. आणि आपल्या भागात तर अशा नोंदीची गरज फारच मोठी आहे. ती का, ते सांगतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या वाशीम जिल्ह्यात किल्ले कुठले आले? खरे आहे. रायगड-प्रतापगडासारखा नावाजलेला डोंगरी किल्ला आपल्याकडे नाही. पण गढ्या आहेत. वऱ्हाडात कितीतरी गावांच्या मधोमध तुम्हांला उंचवटा दिसेल. खाली दगडाची बांधणी, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यांना बुरूज, आणि आत जायला एकच दार. पेंढाऱ्यांची धाड आली की सारा गाव गुराढोरांसकट आत शिरायचा आणि दार लागायचे. १८१७-१८ नंतर पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला, गढीचे काम संपले. तेव्हापासून दर पावसाळा तिची थोडीथोडी माती नेतो. पावसाने ठेवलेली आपण नेतो, कारण पांढरीची माती शेताला मानवते.

गढीखेरीज वेशी आहेत. आपले कारंजे एके काळी तटबंदीचे, नामांकित श्रीमंत शहर होते. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने त्यावर चाल केली, ती याच श्रीमंतीमुळे. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस ही तिथल्या वेशींची नावेच सांगतात, की कोणत्या दारातून कुठली वाट फुटत होती. ज्या बाजारात दिल्लीची वाट धरणारे दार लागते, तो बाजार केवढा असेल, याचा विचार करा.

आता माझीच एक फजिती सांगतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे छत्तीस फोटोंच्या रिळाचा कॅमेरा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका खेड्यात गेलो. तिथल्या गढीचे दगडी दार अजून उभे होते. चौकटीवर कमळे कोरलेली, बाजूला अर्धा बुरूज. मी फोटो काढू लागलो. पारावर बसलेले एक आजोबा उठून आले. म्हणाले, "गुरुजी, या मातीचे फोटो कायले काढता? देवाचे काढा, लेकराइचे काढा." मी हसलो. मग तेच खाली बसले आणि सांगू लागले. दार कोणी बसवले, आत विहीर कुठे होती, धाड आली तेव्हा कोणत्या घराण्याचा माणूस दारावर उभा राहिला. अर्धा तास बोलत होते. मी मान डोलावत होतो. वही पिशवीत होती, ती काढली नाही. म्हटले, एवढे काय लक्षात राहणार नाही?

पुढे एका पावसाळ्यात ते दार पडले. दगड कोणाकोणाच्या पायात गेले. आजोबाही गेले. काही वर्षांनी त्याच गावच्या शाळेतली मुले गावाचा नकाशा काढू लागली आणि वाद निघाला. एक म्हातारे म्हणत, गढीचे दार दक्षिणेला होते. दुसरे म्हणत, छट्, उत्तरेला, महारुद्राच्या देवळाकडे. कोणीतरी माझे नाव सांगितले. मी मोठ्या तोऱ्यात फोटो घेऊन गेलो. फोटोत बुरुजाची लांब सावली डाव्या हाताला पडलेली स्पष्ट दिसत होती. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, फोटो सकाळचा असेल तर सावली पश्चिमेला, म्हणजे दार दक्षिणेला. संध्याकाळचा असेल तर सावली पूर्वेला, म्हणजे दार उत्तरेला. तुम्ही कधी काढला?"

श्रोते हो, मला आठवेना! फोटोच्या पाठीवर 'सकाळ' एवढी तीन अक्षरे लिहिलेली असती, तर त्या गावाला त्याच्या दाराची दिशा परत मिळाली असती. तो वाद अजून तसाच आहे. आजोबांनी सांगितलेल्यातले निम्म्याहून अधिक मी विसरलो, ते वेगळेच.

तेव्हापासून मी एक नेम केला. आधी वही उघडायची, मग कॅमेरा.

आता फोटोवरून इतिहास कसा उलगडतो, त्याची दोन उदाहरणे देतो. यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर, सातपुड्याच्या रांगेत जावे लागेल. गुरुजींनो, सहलीला जाण्याजोगी ही ठिकाणे आहेत.

अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात नरनाळा किल्ला आहे. पायथ्याला शहानूर गाव. किल्ला अभयारण्यात असल्यामुळे वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते. वर महाकाली दरवाजा पाहून माणूस जागीच थांबतो. पांढरट वालुकाश्मात घडवलेला, बाजूंना सज्जे, दगडात फुललेली कमळे, आणि वर अरबी लिपीतला लेख. हे दार १४८७ साली फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने बांधवले. हाच पुढे, १४९० मध्ये, एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली.

आता अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर चला. अकबराच्या काळच्या 'आइने अकबरी'त या किल्ल्याच्या बळकटपणाची वाखाणणी आहे, आणि इथल्या झऱ्यावर पोलादी हत्यारांना पाणी देतात, असेही म्हटले आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीने तो भोसल्यांकडून जिंकला. त्याच्या दारावर एक पक्षी कोरला आहे. त्याला दोन तोंडे आहेत आणि त्याने हत्ती पकडलेले आहेत. याला गंडभेरुंड म्हणतात. सहलीतली मुले त्याच्याखाली उभी राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. पण घरी येऊन तो फोटो नीट पाहिला तर प्रश्न पडतो, की हा पक्षी इथे आला कुठून? हा तर दक्षिणेकडचा, कर्नाटकातला!

शोध घेतला तर उत्तर मिळते. तो फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, हिंदू घरातला. लहानपणी लढाईत पकडला गेला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या चाकरीत वाढला. गाविलगडाची डागडुजीही त्याने केली. म्हणून जाणकार असे मानतात, की दारावरचा पक्षी ही त्याच्या जन्मभूमीची खूण असावी. पाहा, एका फोटोतून प्रश्न निघाला आणि प्रश्नाने आपल्याला वऱ्हाडातून थेट तुंगभद्रेच्या काठी नेले.

दुसरे उदाहरण सावधपणाचे. अकोल्याचा किल्ला असदगड म्हणून ओळखला जातो, औरंगजेबाच्या असदखानावरून. त्याच्या एका दारावरचा लेख औरंगजेबाचे राज्य आणि असदखानाचे नाव सांगतो. दुसऱ्या वेशीवर मात्र मराठी लेख आहे, की गोविंद आप्पाजीने १८४३ मध्ये किल्ला बांधला. आता काय करायचे? जुन्या गॅझेटियरने दोन्ही लेख नोंदवले आहेत आणि दुसरा लेख बाकीच्या सगळ्या पुराव्याविरुद्ध जातो, असेही म्हटले आहे. गोविंद आप्पाजीने डागडुजी केली असेल आणि बांधल्याचे लिहिले असेल, असा माझा तर्क आहे. तो तर्कच. म्हणजे दगडावर कोरले म्हणून सगळेच खरे, असे नाही. पण म्हणून तो लेख टाकून द्यायचा नाही. दोन्हींचे फोटो काढायचे आणि शेजारी शेजारी लावायचे.

इतिहास विचारायच्या जागा तीन. पहिली दगड, म्हणजे लेख, खुणा, बांधणी. दुसरी कागद. आपल्या भागासाठी अकोला जिल्ह्याचे १९१० चे गॅझेटियर आणि त्यानंतर राज्य सरकारने काढलेले गॅझेटियर पाहा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. वाशीम १९०५ पर्यंत 'बासीम' नावाचा वेगळा जिल्हा होता, मग अकोल्यात गेला, आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. तेव्हा मधल्या काळाच्या पुस्तकात वाशीम शोधायचे ते अकोल्याच्या पोटात. तिसरी जागा म्हणजे माणसे. म्हातारी माणसे सांगतात त्यात भुयारे फार असतात, सोन्याच्या घागरी फार असतात. ते हसण्यावारी नेऊ नका. जसे सांगितले तसे लिहा, आणि पुढे लिहा, 'अमक्यांनी सांगितले, वय इतके'. ऐकलेले ऐकलेल्याच्या रकान्यात, पाहिलेले पाहिलेल्याच्या रकान्यात.

छोट्या नोंदीने काय घडते, याचा दाखला तर खुद्द वाशीमचाच आहे. १९३९ साली वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. महामहोपाध्याय मिराशी आणि महाजन यांनी तो वाचून प्रसिद्ध केला आणि वाकाटकांची एक वेगळी शाखा उजेडात आली. तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या प्रधानाने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. त्या काळच्या वाड्याची एक भिंतही आज वाशीमला उभी नाही. भिंती गेल्या, पण लिहिलेले राहिले.

आता कामाचे बोलू. कॅमेरा नसला तरी घरात मोबाईल असतो. गढीवर गेलात की पहिला फोटो दुरून काढा, गावासकट. दुसरा पूर्ण दाराचा किंवा बुरुजाचा, त्यात माणूस नको. तिसरा बारकाव्याचा, म्हणजे कोरीवकाम, खिळे, लेख. बारकाव्याच्या शेजारी कंपासपेटीतली फूटपट्टी धरा, म्हणजे पाहणाऱ्याला माप कळते. मग चौथा पोरांचा, हौसेचा. लेखाचा फोटो सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढा. तिरपे ऊन अक्षरांच्या खाचेत सावली पाडते आणि भर दुपारी न दिसणारे अक्षर वाचता येते. अक्षर उठावे म्हणून खडू, चुना, तेल मात्र मुळीच लावू नका. दगडाचे त्याने नुकसान होते. संरक्षित वास्तू विद्रूप करणे १९५८ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

बुरुजाच्या कडेवर चढून फोटो काढायचा मोह आवरा. दारांच्या कमानीत आग्या मोहोळे असतात. तिथे आरडाओरडा आणि धूर नको. एका फोटोसाठी लेकराचा जीव पणाला लावू नये.

आणि घरी आल्याबरोबर नोंद करा. गाव, तारीख, वेळ, तोंड कोणत्या दिशेला, फोटो कोणी काढला, माहिती कोणी दिली. मोबाईल तारीख-वेळ आपणच ठेवतो, पण फोटो व्हॉट्सअॅपवरून पुढे गेला की ती खूण गळून पडते. तेव्हा शाळेच्या वहीत लिहाच. एक प्रत शाळेत आणि एक दुसरीकडे ठेवा. रॉबर्ट गिल नावाच्या अंमलदाराने वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या एकाच ठिकाणी मांडलेल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या.

जुलै २०२५ मध्ये रायगड, शिवनेरी, साल्हेर यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्याकडे आता सगळ्या जगाचे लक्ष राहील. पण तुमच्या गावच्या गढीचे नाव कोणत्याच यादीत नाही. तिची यादी म्हणजे तुमच्या शाळेची वही.

येत्या रविवारी एवढे करा. चार मुले घ्या, एक वही घ्या, एक फूटपट्टी घ्या आणि गढीवर जा. पारावर कोणी आजोबा बसलेले असतील. तेही विचारतील, "या मातीचे फोटो कायले काढता?" तुम्ही हसू नका. त्यांच्याजवळ बसा आणि वही उघडा.