सातबाऱ्यावरचा ‘अज्ञान’

(पाली, ता. सुधागड येथील बैठकीतील भाषण)



बाप गेला की पोराचे नाव सातबाऱ्यावर चढते आणि सोबत तीन अक्षरे येतात : अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. चिखलणी-लावणी सारे येणारे पोर कायद्याच्या लेखी अठरापर्यंत अज्ञान!

या अटीशी आमचे भांडण नाही. मुंबईच्या पैशाला आपली जमीन हवी आहे. 1956 चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा सांगतो, अज्ञानाच्या स्वतःच्या मालकीची जमीन न्यायालयाच्या परवानगीवाचून पालकाला विकता येत नाही. विकलीच, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याला मात्र हे कुंपण नाही.

भांडण पुढचे आहे. 1989 साली मताचे वय 21 वरून 18 झाले. अठरा पुरी झाली की पोर मत देते, ग्रामसभेत बसते, जमीनही विकू शकते. ग्रामपंचायतीला उभे राहायला मात्र 21! शेत विकण्याची अक्कल अठराव्या वर्षी येते आणि गावच्या पाण्याचा कारभार पाहण्याची एकविसाव्या? आमची मागणी साधी आहे : विक्रीचे वय तेच उमेदवारीचे.

तोवर हातातले काम करू. घरचा सातबारा काढा. मुलगा-मुलगी सज्ञान असेल तर वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अ. पा. क. कमी करण्याचा अर्ज द्या. मतदारयादीत नाव घाला. आणि पुढच्या ग्रामसभेला त्यांना सोबत आणा. दलाल गाठण्याआधी गावाने त्यांना गाठले पाहिजे.