कोयता जाईल, पाटी राहील

नारायणगड परिसरातल्या मायबापांनो,

दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्याची वाट धरतात. गाडीत भांडीकुंडी चढतात, शेळी चढते, लेकरंही चढतात. शाळेच्या पटावर नावं राहतात, वर्ग मात्र रिकामा होतो. हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिलं.

पोटासाठी जावंच लागतं. त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण पाच-सहा महिने शाळा बुडाली, की मूल शिकलेलं विसरतं. पुढच्या वर्गात त्याला उमगत नाही, लाज वाटते. मग एक दिवस त्याच्याही हाती कोयता येतो.

म्हणून मुलाला आजीपाशी ठेवा. आजी नसेल, तर हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. निघण्याआधी हेडमास्तरांना भेटा, विचारा. न्यावंच लागलं, तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते कारखान्याजवळच्या शाळेत दाखवा. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शिकण्याचा हक्क २००९ च्या कायद्यानं दिला आहे.

आता थंडीतले शाळेचे दिवस ऐका :

१४ नोव्हेंबर : बालदिन.
३ जानेवारी : सावित्रीबाई फुले जयंती.
१२ जानेवारी : जिजाऊ जयंती.
२६ जानेवारी : झेंडावंदन.

सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. लोकांनी शेण मारलं, तरी त्या हटल्या नाहीत. त्यांच्या जयंतीला तुमची मुलगी भाषणाला उभी राहील. तुम्ही फडात असाल, तर आजी-आजोबांनी पुढं बसावं. रात्री तुम्ही फोनवर तिचं भाषण ऐका.

आता तुम्हाला वाचता येतं. या तारखा शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.